इमारत दुरुस्तीच्या निविदांसाठी कंत्राटदाराची पात्रता (महाराष्ट्र)

सदनिकांच्या इमारतीची मोठी दुरुस्ती किंवा नूतनीकरण करण्यासाठी निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराने ज्या किमान अटी पूर्ण केल्या पाहिजेत, त्यांना एकत्रितपणे कंत्राटदाराची पात्रता असे म्हणतात. नोंदणी, मागील कामांचा अनुभव, आर्थिक उलाढाल, हाती असलेल्या कामांचा बोजा, तांत्रिक मनुष्यबळ आणि कर व कामगार कायद्यांची पूर्तता हे तिचे मुख्य घटक होत. पात्रतेची तपासणी दर उघडण्यापूर्वी होते. जो कंत्राटदार पात्र ठरत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो विचारात घेतला जात नाही.

महाराष्ट्रात या विषयाला दोन वेगळ्या बाजू आहेत. शासकीय निवासस्थाने, नगरपरिषदेच्या मालकीच्या चाळी किंवा म्हाडाच्या ताब्यातील इमारती यांच्या कामांना सार्वजनिक निविदेचे नियम लागू होतात. सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंटधारकांचे संघ हे मात्र खाजगी मालक असल्याने पात्रतेच्या अटी त्यांनी स्वतःच ठरवायच्या असतात. त्यांना मार्गदर्शक ठरतात ते केवळ उपविधी, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सल्लागार अभियंत्याचा मसुदा. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी पहिल्या प्रकारची कामे नेहमीची आहेत. दुसऱ्या प्रकारची कामे तीन-चार मजली इमारती जुन्या होऊ लागल्या तशी पुढे येत आहेत.

पार्श्वभूमी

इमारत दुरुस्तीचा प्रश्न राज्यात प्रथम मुंबईत तीव्र झाला. भाडे नियंत्रणामुळे मालकांनी जुन्या चाळींकडे दुर्लक्ष केले आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी त्याची रचना होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० च्या अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील 'क' वर्गात धरल्या गेल्या. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. पुढे म्हाडा अधिनियम, १९७६ नुसार हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. रहिवासी आत राहत असताना इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती करणे, त्यासाठी टेके लावणे, काम टप्प्याटप्प्याने चालवणे आणि अशा कामासाठी कंत्राटदारांची स्वतंत्र यादी ठेवणे या पद्धती या काळात रुळल्या.

उर्वरित महाराष्ट्रात अशी उपकराची व्यवस्था नाही. तेथे दुरुस्तीची जबाबदारी मालकांची आणि सदनिकाधारकांचीच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थांना आदर्श उपविधी लागू होतात. २०१९ मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. ज्या इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील घोषणापत्राने बांधल्या गेल्या, तेथे संस्था नसून सदनिकाधारकांचा संघ असतो आणि त्याचे उपविधी घोषणापत्रासोबत जोडलेले असतात. निविदा काढताना आपण या दोहोंपैकी कोणत्या चौकटीत आहोत हे आधी पाहावे लागते, कारण करारावर सही करण्याचा अधिकार त्यावर ठरतो.

दुरुस्ती आणि पुनर्विकास यांची गल्लत होता कामा नये. इमारत पाडून नवी बांधणे म्हणजे पुनर्विकास. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९-अ अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी आणि त्यानंतर ४ जुलै २०१९ रोजी शासनाने सविस्तर निर्देश दिले असून विकासकाची निवड त्यानुसार होते. दुरुस्तीच्या कंत्राटदाराची निवड कशी करावी, याबाबत तितके तपशीलवार निर्देश नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय दुरुस्तीपुरता मर्यादित आहे.

पात्रता ठरण्यापूर्वी: कामाची व्याख्या

कंत्राटदार कोणत्या कामासाठी पात्र हवा हे ठरल्याशिवाय पात्रतेची अट लिहिता येत नाही. म्हणून पहिला टप्पा संरचनात्मक तपासणीचा, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिटचा असतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर ३ वर्षांनी अशी तपासणी करावी लागते. अहवालात इमारत सहसा चारपैकी एका वर्गात ठेवली जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२ अ म्हणजे रिकामी करून सांगाड्याची दुरुस्ती करण्यायोग्य. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती करण्यायोग्य, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नगरपरिषद क्षेत्रात धोकादायक इमारतीबाबत महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ खाली नोटीस दिली जाते.

सी-३ वर्गातील इमारतीला गिलावा, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम करणारा अनुभवी कंत्राटदार पुरतो. सी-२ वर्गात परिस्थिती वेगळी असते. गंजलेल्या सळया उघड्या करून साफ करणे, पॉलिमर मॉर्टर भरणे, कॉलमला मायक्रो काँक्रीटचे जॅकेट घालणे ही कामे नव्या बांधकामाहून वेगळी आहेत. कॉलमचे काँक्रीट काढत असताना त्यावरचा भार टेक्यांवर घ्यावा लागतो, आणि हा क्रम चुकला तर दुरुस्तीच अपघाताचे कारण ठरते. नव्या इमारती बांधण्याचा मोठा अनुभव असलेला कंत्राटदार या कामात नवखा असू शकतो. अनेक निविदांमध्ये 'बांधकामाचा १० वर्षांचा अनुभव' इतकीच अट असते. ती दिसायला कडक असली तरी या कामाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या भागातील काळी कापसाची माती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाच्या इमारतींच्या भिंतींना त्यामुळे तिरप्या भेगा पडतात. अशा भेगा नुसत्या बुजवून रंगवल्या तर पुढील उन्हाळ्यात त्या पुन्हा दिसतात. दोष पायात आहे की सळयांच्या गंजात, हे तपासणीने ठरल्यावरच कंत्राटदाराकडून पायाच्या मजबुतीकरणाचा अनुभव मागायचा की काँक्रीट दुरुस्तीचा, हे ठरवता येते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, कार्बोनेशन आणि हाफ सेल या चाचण्या त्यासाठी केल्या जातात. पहिल्या दोन चाचण्यांचे भारतीय मानक पूर्वी आय.एस. १३३११ हे होते. आता त्या आय.एस. ५१६ च्या पाचव्या भागात समाविष्ट आहेत.

नोंदणी

शासकीय कामांसाठी कंत्राटदाराची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे योग्य वर्गात नोंदणी असावी लागते. वर्गानुसार किती रकमेपर्यंतच्या कामाची निविदा भरता येईल हे ठरते. सर्वांत वरच्या १-अ वर्गाला रकमेची मर्यादा नसते आणि खाली उतरत जाताना मर्यादा कमी होत जाते. या मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलल्या जातात, म्हणून निविदा सूचनेत प्रत्येक कामापुढे आवश्यक वर्ग नमूद केलेला असतो. वर्ग मिळवताना कंत्राटदाराने पूर्वी केलेली कामे, यंत्रसामग्री, नोकरीवर असलेले अभियंते आणि ऐपतीचा दाखला पाहिला जातो. नोंदणी ठरावीक मुदतीची असून तिचे नूतनीकरण करावे लागते. निविदेच्या अंतिम दिनांकास मुदत संपलेली असणे हे अपात्रतेचे नेहमी आढळणारे, आणि सर्वांत टाळता येण्याजोगे, कारण आहे.

लहान रकमेच्या शासकीय कामांसाठी राज्यात कामवाटपाची वेगळी पद्धत आहे. अशी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुल्या गटातील नोंदणीकृत कंत्राटदार यांच्यात ३३ : ३३ : ३४ या परिचित प्रमाणात विभागली जात आली असून या प्रमाणात आणि रकमेच्या मर्यादेत फेरबदलही झाले आहेत. पहिल्या दोन गटांची कामे जिल्ह्यातील काम वाटप समितीमार्फत दिली जातात. नवख्या अभियंत्याला अनुभवाच्या अटीमुळे काम मिळत नाही आणि काम न मिळाल्यामुळे अनुभव येत नाही, हे चक्र तोडणे हा या पद्धतीमागील हेतू होता. मजूर संस्थेत सभासद खरोखर मजूर असावेत अशी अपेक्षा असते. कागदावरील संस्थेच्या आडून भलताच कंत्राटदार काम करत असल्याच्या तक्रारी राज्यात अनेक ठिकाणी झाल्या आहेत.

खाजगी गृहनिर्माण संस्थेला सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी मागणे बंधनकारक नाही. तरीही एखादी संस्था ती अट म्हणून ठेवू शकते. त्यामुळे कंत्राटदाराची एक प्राथमिक छाननी आपोआप होते. मात्र रस्ते व मोऱ्या बांधून मिळवलेला वरचा वर्ग इमारत दुरुस्तीतील कौशल्याचा पुरावा ठरत नाही.

अनुभव आणि उलाढाल

या अटींचे देशभर सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या ज्ञापनातून आले आहे. त्यानुसार मागील ३ आर्थिक वर्षांतील सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के असावी. तसेच मागील ७ वर्षांत कंत्राटदाराने समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी किमान ४० टक्के रकमेची, किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्क्यांची, किंवा एक काम ८० टक्क्यांचे पूर्ण केलेले असावे. अटी फार कडक नसाव्यात आणि फार सैलही नसाव्यात, असेही आयोगाने म्हटले आहे. हे ज्ञापन केंद्राच्या अखत्यारीतील कामांसाठी असले तरी राज्यातील संस्था व सल्लागार त्याचा नमुना म्हणून उपयोग करतात.

उदाहरणार्थ, १२ सदनिकांच्या इमारतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक २४ लाख रुपयांचे आहे असे समजू. वरील प्रमाणानुसार कंत्राटदाराची सरासरी वार्षिक उलाढाल ७ लाख २० हजार रुपये पुरेशी ठरते. अनुभव म्हणून ९ लाख ६० हजारांची तीन, १२ लाखांची दोन किंवा १९ लाख २० हजारांचे एक काम दाखवावे लागते. जुन्या कामांची रक्कम आजच्या किमतीत आणण्यासाठी दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढवून धरण्याची मुभा बहुतेक निविदांमध्ये असते.

या सर्व आकड्यांचा अर्थ 'समान स्वरूपाचे काम' या शब्दप्रयोगावर अवलंबून आहे. त्याची व्याख्या निविदेतच लिहिलेली असावी लागते. 'इमारतीचे काम' एवढीच व्याख्या केली तर शाळाखोली बांधणाराही पात्र ठरतो. 'रहिवासी राहत असलेल्या, तळमजल्यासह किमान तीन मजली काँक्रीट इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती' अशी केली तर स्पर्धक झपाट्याने कमी होतात. ही व्याख्या किती आवळावी, हा पात्रतेच्या अटींमधील सर्वांत नाजूक निर्णय आहे. एखाद्या विशिष्ट रसायन उत्पादकाचा अधिकृत वापरकर्ता असण्याची अट घालून एकाच कंत्राटदाराला वाट मोकळी करून देण्याचे प्रकारही याच ठिकाणी घडतात.

अनुभवाचा पुरावा म्हणून केवळ कार्यारंभ आदेश पुरत नाही. आदेश काम मिळाल्याचे सांगतो, काम पूर्ण झाल्याचे नव्हे. म्हणून काम पूर्ण केल्याचा दाखला, अंतिम देयकाची रक्कम आणि खाजगी कामाच्या बाबतीत उद्गम कर कपातीचे प्रमाणपत्र मागितले जाते. कर कपातीची नोंद आयकर विभागाकडे असल्याने रक्कम फुगवून दाखवणे कठीण होते. सल्लागाराने जुन्या कामाच्या ठिकाणी जाऊन दोन पावसाळे उलटल्यावर गळती परतली आहे काय, हे पाहणे हा त्याहून साधा आणि बहुधा अधिक बोलका पुरावा होय.

निविदा क्षमता

कंत्राटदार अनुभवी आणि सधन असूनही त्याच्या हाती आधीच इतकी कामे असू शकतात की नवे काम तो वेळेत करू शकणार नाही. हे मोजण्यासाठी अ × न × २ − ब असे सूत्र वापरतात. येथे 'अ' म्हणजे मागील ५ वर्षांपैकी सर्वाधिक वार्षिक उलाढाल, 'न' म्हणजे नव्या कामाची मुदत वर्षांमध्ये आणि 'ब' म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करावयाच्या चालू कामांची शिल्लक रक्कम. गुणक काही निविदांमध्ये २ ऐवजी १.५ किंवा २.५ असतो.

वरील २४ लाखांच्या कामाची मुदत ६ महिने आहे आणि कंत्राटदाराची सर्वाधिक उलाढाल ४० लाख आहे असे धरल्यास ४० × ०.५ × २ म्हणजे ४० लाख येतात. त्याच ६ महिन्यांत त्याला इतरत्र २२ लाखांचे काम पूर्ण करायचे असेल तर शिल्लक क्षमता १८ लाख उरते. ती २४ लाखांपेक्षा कमी असल्याने तो या कामासाठी अपात्र ठरतो. अडचण अशी की 'ब' ही संख्या कंत्राटदार स्वतः प्रतिज्ञापत्रावर सांगतो. चालू काम लपवणे हे खोटी माहिती देणे असल्याने तसे उघड झाल्यास बयाणा रक्कम जप्त करण्याची तरतूद निविदेत ठेवली जाते.

रहिवासी इमारतीत काम रेंगाळले तर परांच्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात, खिडक्या झाकलेल्या राहतात आणि उघडी पडलेली गच्ची पावसाळ्यात सापडते. विदर्भात गच्चीचे काम साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यापूर्वी संपवावे लागते. म्हणून लहान संस्थांनी इतर अटी शिथिल केल्या तरी क्षमतेची अट सोडू नये, असे या क्षेत्रातील अभियंते सांगतात.

कर, कामगार आणि विमा

पॅन व वस्तू आणि सेवा कराची नोंदणी, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांची लागू असेल तेथे नोंदणी, आणि बांधकाम कामगारविषयक नोंदणी ही कागदपत्रे पहिल्या लिफाफ्यात मागितली जातात. बांधकाम खर्चावरील १ टक्का कामगार कल्याण उपकराची पद्धत १९९६ च्या केंद्रीय कायद्याने सुरू झाली. कंत्राटदाराने भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरली नाही तर ती जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मूळ नियोक्त्यावर येऊ शकते. म्हणूनच ही अट केवळ कागदोपत्री समजणे महागात पडते.

कामगारांच्या अपघाताचा आणि त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा ही अट लहान निविदांमध्ये पुष्कळदा गाळलेली आढळते. परांचीवरून पडणारा मजूर आणि खाली उभे असलेले वाहन या दोन्ही जोखमी रहिवासी इमारतीत नेहमीच्या आहेत. विमा नसेल तर भरपाईचा दावा कंत्राटदारापाठोपाठ संस्थेच्या दारात येतो.

निविदेची कार्यपद्धती

शासकीय कामांच्या निविदा राज्याच्या 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि त्या डिजिटल स्वाक्षरीने भराव्या लागतात. सार्वजनिक बांधकाम विभागात टक्केवारी दराच्या निविदेसाठी ब-१, बाबनिहाय दरासाठी ब-२ आणि ठोक रकमेसाठी क हा नमुना वापरला जातो. दुरुस्तीच्या कामात प्रत्यक्ष परिमाण प्लास्टर काढल्यावरच कळते. त्यामुळे ठोक रकमेचा करार येथे धोक्याचा ठरतो. बाबनिहाय दर व प्रत्यक्ष मोजमाप ही पद्धत अधिक न्याय्य आहे.

निविदा दोन लिफाफ्यांत घेतली जाते. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे व बयाणा रक्कम, दुसऱ्यात दर. दुसरा लिफाफा फक्त पात्र ठरलेल्यांचाच उघडतात. अंदाजपत्रकापेक्षा खूप कमी दर आल्यास राज्यात जादा सुरक्षा ठेव मागण्याची पद्धत आहे आणि दर जितका खाली तितकी ही ठेव वाढते. काम मिळवण्यासाठी अवास्तव कमी दर भरायचा आणि नंतर सिमेंटचे किंवा रसायनाचे प्रमाण घटवून तोटा भरून काढायचा, या प्रवृत्तीला आळा घालणे हा तिचा उद्देश होय. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही मर्यादित प्रकारच्या कामांत दरासोबत गुणवत्तेलाही कमाल ३० टक्के भार देण्याची परवानगी दिली.

गृहनिर्माण संस्थांमध्ये समितीचे अधिकार मर्यादित असतात. आदर्श उपविधींनुसार २५ पर्यंत सदस्य असलेल्या संस्थेची समिती दुरुस्तीवर एका वेळी २५,००० रुपये, २६ ते ५० सदस्यांच्या संस्थेची समिती ५०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या संस्थेची समिती १ लाख रुपये सर्वसाधारण सभेच्या पूर्वमंजुरीविना खर्च करू शकते. निविदा न मागवता किती रकमेचे काम द्यावे याची मर्यादा सभा ठरवते. त्यावरील कामासाठी निविदा मागवून त्या सभेपुढे ठेवाव्या लागतात आणि मंजुरीनंतर वास्तुविशारद व कंत्राटदार यांच्याशी करार करावा लागतो. संस्थेच्या कंत्राटात समिती सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये.

पैशाची तरतूदही उपविधींत आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी जमा करायचे असतात. १० लाख रुपये बांधकाम खर्चाच्या १२ सदनिका असतील तर ही रक्कम वर्षाला १ लाख २० हजार होते आणि २० वर्षांत व्याजाशिवाय २४ लाख. लहान शहरांत ही वर्गणी नियमित गोळा होतेच असे नाही. मग दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाला एकदम मोठी रक्कम उभी करावी लागते, आणि सभेत सर्वांत स्वस्त कंत्राटदाराकडे कल झुकतो.

न्यायालयीन निर्णय

पात्रतेच्या अटींबाबत पायाभूत मानला जाणारा निर्णय मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेतून निर्माण झाला. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या प्रकरणात निविदा सूचनेत किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा, अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याची निविदा स्वीकारण्यात आली. सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतः जाहीर केलेली पात्रतेची कसोटी त्याला स्वतःलाही बांधून ठेवते आणि मनमानीने ती सोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अट ठाऊक असल्याने ज्यांनी निविदाच भरली नाही त्यांच्यावर अशा शिथिलतेने अन्याय होतो, हा यामागील विचार आहे. मात्र त्या प्रकरणात विलंब व इतर परिस्थिती पाहून दिलेले कंत्राट रद्द करण्यात आले नाही.

टाटा सेल्युलर (१९९४) खटल्यात न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. न्यायालय निर्णयप्रक्रिया तपासते, निर्णयाच्या शहाणपणावर अपील ऐकत नाही. विदर्भाशी संबंधित ॲफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशन (२०१६) हा निर्णय याच दिशेने जातो. तेथील वाद एका निविदाकाराचा अतिवेगवान रेल्वेचा अनुभव मेट्रोच्या कामाचा अनुभव मानावा की नाही, असा होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो निविदाकार पात्र ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निविदा ज्याने तयार केली तोच तिच्या अटींचा अर्थ लावण्यास सर्वांत योग्य असून तो अर्थ दुष्टबुद्धीचा किंवा विपर्यस्त नसेल तर न्यायालयाने हस्तक्षेप करू नये, असे त्यात म्हटले आहे. 'समान स्वरूपाचे काम' म्हणजे काय यावरून होणाऱ्या तंट्यांमध्ये हा निर्णय वारंवार उद्धृत केला जातो.

काळ्या यादीत टाकलेला कंत्राटदार निविदेस अपात्र असतो. परंतु त्यापूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे इरुशियन इक्विपमेंट (१९७५) प्रकरणात ठरले. नोटिशीतच या संभाव्य कारवाईचा उल्लेख असावा, हे गोरखा सिक्युरिटी (२०१४) प्रकरणात स्पष्ट झाले.

ही तत्त्वे राज्यसंस्थेला लागू होतात. सामान्य गृहनिर्माण संस्था ही संविधानाच्या अर्थाने राज्यसंस्था नसल्याने नाकारलेल्या कंत्राटदाराला तिच्याविरुद्ध समानतेच्या हक्काचा दावा सहसा करता येत नाही. सभासद मात्र उपविधींच्या भंगाबद्दल निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जाऊ शकतात.

लहान शहरांतील अडचणी

मंगरूळपीर हे वाशिम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी एकाचे मुख्यालय आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा निर्माण झाला. काँक्रीट दुरुस्तीचे विशेष काम करणारे कंत्राटदार अशा गावी क्वचितच असतात. ते अकोला, अमरावती किंवा नागपूरहून बोलवावे लागतात. १५-२० लाखांच्या कामासाठी यंत्रे व कुशल कारागीर शंभर-दोनशे किलोमीटर आणणे त्यांना परवडत नाही, आणि दूरच्या कंत्राटदाराला दोषदायित्वाच्या काळात पुन्हा बोलावणे संस्थेला जड जाते. दुसरीकडे स्थानिक कंत्राटदाराकडे अनुभवाचे दाखले नसतात, कारण त्याने केलेली बरीच खाजगी कामे कराराविना आणि रोखीने झालेली असतात.

महानगरातील निविदेतून पात्रतेच्या अटी जशाच्या तशा उतरवल्या तर येथे एकही निविदा येत नाही, किंवा एकच येते. यावर काही मार्ग वापरात आहेत. काम दोन भागांत विभागून सांगाड्याची दुरुस्ती विशेषज्ञाला आणि गिलावा, नळकाम व रंगकाम स्थानिकाला देणे हा एक. मात्र गळती झाल्यास दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यामुळे जबाबदारीची सीमा करारात आखावी लागते. स्थानिक कंत्राटदाराने विशेषज्ञाशी संयुक्तपणे निविदा भरणे हा दुसरा मार्ग असून त्यात दोघांचीही जबाबदारी संयुक्त व स्वतंत्र ठेवली जाते. तिसरा मार्ग उलाढालीची अट कमी करून देखरेख वाढवण्याचा आहे. त्यात स्वतंत्र अभियंता नेमून प्रत्येक कॉलम उघडल्यावर छायाचित्र घेणे, मोजमाप पुस्तिकेत नोंद करणे आणि देयकातून काही टक्के रक्कम दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत राखून ठेवणे या गोष्टी येतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६४) यांसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळांतून साहित्याची चाचणी करून घेता येते.

स्पर्धक मोजके असले की आपसांत दर ठरवून निविदा भरण्याचा, बोली भाषेत 'रिंग' करण्याचा, धोका वाढतो. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार असे संगनमत बेकायदेशीर आहे. तीन निविदांमधील बाबींचे दर एकाच टक्केवारीने वर-खाली असणे, एकसारख्या शुद्धलेखनाच्या चुका किंवा बयाणा रकमेचे धनाकर्ष एकाच शाखेतून लागोपाठ काढलेले असणे या त्याच्या परिचित खुणा होत. तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली, असे मानून सभेत ठराव मंजूर करणाऱ्या संस्था या खुणा बहुधा तपासत नाहीत.

हेही पाहा

निविदा
सहकारी गृहनिर्माण संस्था
म्हाडा
संरचनात्मक तपासणी
मंगरूळपीर